येतो म्हण

सुरुची टोकियोत ग्रीक महाकाव्यांवर पीएचडी करत होती. बायको विनवत असताना अब्रूपायी रणात उतरणाऱ्या त्या वीरांची तिला मनस्वी चीड यायची.

मोठ्या भूकंपानंतर महिन्याभराने इमारत पुन्हा गदगदा हलली. लिफ्ट बंद पडली. नवव्या मजल्यावर ओकादा आजी एकट्याच होत्या. सुरुचीचा नवरा प्रसन्न दारात बूट चढवू लागला.

“तूच का?”

“त्यांना वर सोडून मी कुठल्या तोंडाने खाली उतरू? जातो मी.”

“जातो काय म्हणतोस! येतो म्हण!” ती किंचाळली.

तोवर तो जिना चढून गेलाही होता. जमीन पुन्हा हलू लागली. चौकट घट्ट धरून ती कान देऊन उभी राहिली. तिच्या त्या वीरांपैकीही कुणी निघताना ‘येतो’ म्हणालं नव्हतं.