पडदा टेकेपर्यंत

कोरसमधल्या माणसाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, आणि आलाच तर खुशाल समजावं की त्याचं काहीतरी चुकलंय. खर्जकाकांनी उभी हयात या एका नियमावर काढली होती. ऑपेरा कंपनीत ते ऐन तारुण्यात आले ते कोरसमध्ये, आणि केस पांढरे झाले तेही कोरसमध्येच. पोटातून निघणारा खालचा, जाड स्वर हीच त्यांची कमाई, म्हणून कंपनीतली तरुण मंडळी त्यांना खर्जकाका म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपुरतं उरलं होतं.

त्यांच्या डाव्या हाताला खांब उभा राही. हा खांब लाकडाचा नव्हे, चांगला हाडामांसाचा. उंच, सडसडीत, आणि तोही खर्जातलाच. दिग्दर्शकांनी कितीही घसा कोरडा केला तरी रंगमंचावर तो जागचा हलत नसे. त्याला सैनिक करा, कैदी करा, लग्नातला वऱ्हाडी करा, पाय रोवले की रोवले. अशा माणसाच्या शेजारी वर्षानुवर्षं उभं राहिलं की भावाभावांत नसते एवढी सवय एकमेकांची होते, तशी या दोघांची झाली होती.

आता त्या लांबलचक स्वराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. या हंगामातल्या ऑपेरात दुसऱ्या अंकाच्या शेवटी वादळ ओसरतं आणि किनाऱ्यावरचे नावाडी कंदील घेऊन समुद्राकडे बघत उभे राहतात. शब्द संपलेले असतात. उरतो तो नुसता एक 'आ', आणि त्यावर हळूहळू पडदा खाली येतो. कंपनी काढणाऱ्या म्हाताऱ्याने दंडक घालून ठेवला होता की पडद्याची किनार फळ्यांना टेकेपर्यंत स्वर तुटता कामा नये. म्हातारा कधीच गेला, दंडक राहिला. आणि पडदा ओढणारी मोटार अशी लहरी की पडदा एखाद्या दिवशी लगबगीने येई, एखाद्या दिवशी पाय ओढत.

एवढा स्वर कुणाच्याच एका छातीत मावत नाही. म्हणून कोरसवाले आळीपाळीने श्वास घेतात. शेजारी गात असताना आपण हळूच थांबायचं, हवा भरायची, आणि कुणाला पत्ता लागणार नाही असं परत आत शिरायचं. खर्जकाका आणि खांब यांची खूण कोपराची होती. कोपर लागलं की समजायचं, हा चाललाय, आपण धरून ठेवायचं. खर्जात एकंदर चौघेच होते. त्यातले दोघे या प्रसंगाच्या आधीच बुडालेल्यांना शोधायला होडीतून विंगेत गेलेले असत. म्हणजे त्या 'आ'ची तळाची सगळी मदार या दोन कोपरांवर.

आणि हिवाळ्यात काकांना न्यूमोनिया झाला. ते बरे झाले, खाऊ-पिऊ लागले, जिने चढू लागले, पण पूर्वीचा श्वास काही परत आला नाही. तालमी सुरू झाल्या तेव्हा त्यांना कळून चुकलं की निम्मा स्वर झाला की आपलं संपतं. थांबून हवा घेतली तर घेता येई, पण परत आत शिरायला जावं की घशाशी खोकला. तेव्हा त्यांनी परत शिरणंच सोडलं. निम्मा स्वर दणक्यात गायचा आणि पुढे तोंड तसंच उघडं ठेवून मुकाट उभं राहायचं. कोपर लावणंही त्यांनी बंद केलं. कोपर लावायचं म्हणजे परत यायचं कबूल करण्यासारखं होतं. आपण गप्प झालो की डावीकडून खांबाचा आवाज संथ, भरदार येताना त्यांना ऐकू येई, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

हे त्यांनी फक्त बायकोला सांगितलं. काकू कंपनीच्या कपडेपटात शिवणकामाला होत्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्या मोजकंच बोलत. खांब आहे म्हणून निभावतंय, असं काका म्हणाले तेव्हा त्यांनी टाचण्या काढल्या आणि त्याच्यावर फार भार टाकू नका, एवढंच सांगितलं. काकांना ते लागलं. आपली बायको आपली बाजू घ्यायची सोडून खांबाची घेते, म्हणून ते दोन दिवस फुरंगटून बसले.

त्यातच कोरसच्या तालमी घ्यायला नव्या कोरसबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, बारीक चणीच्या, कान मात्र भलता तिखट. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं की सोमवारी सकाळी प्रत्येकाने एकट्याने येऊन तो शेवटचा स्वर म्हणून दाखवायचा. पियानो नाही, शेजारी नाही. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. ते काम रंगपटाने केलं. तोंडाला रंग लावता लावता कुणी म्हणालं की ज्याचा स्वर तुटेल त्याला भालेकऱ्यांत टाकणार. भालेकरी म्हणजे मागच्या भिंतीशी भाला धरून उभे राहणारे, ज्यांना तोंड उघडायची मनाई असते.

काकांचं धाबं दणाणलं. भाल्याची त्यांना लाज नव्हती. पण गाणं गेल्यावर आपण कशाला उरलो, असं त्यांना खरोखर वाटत होतं, आणि ते कुणाशी बोलायचीही चोरी होती. खांबाशी तर नाहीच. ज्याच्या जिवावर इतके दिवस काढले त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

रविवारी दुपारचा प्रयोग होता. दुसरा अंक छान रंगला. वादळ ओसरलं, होडी गेली, कंदील वर झाले, 'आ' सुरू झाला. काकांनी आपला निम्मा वाटा मन लावून गायला, कारण कोण जाणे, पुढल्या रविवारी हातात भाला असेल. मग हवा संपली आणि ते नेहमीसारखे उघड्या तोंडाने गप्प झाले. खांबाचा आवाज होताच. पडदा निम्म्यावर आला आणि अडला. मोटारीने एक उचकी दिली, क्षणभर विचार केला, आणि गोगलगायीच्या चालीने ती पुन्हा निघाली.

तेवढ्यात खांबाचा आवाज थांबला.

वर बायकांचे आवाज होते, मधले पुरुष होते, पण खाली काहीच नव्हतं. पायाखालची फळी निघाल्यासारखे सगळे वरचे स्वर डगमगले. वाद्यवृंदाच्या संचालकांनी डोळे वटारून खर्जाच्या दिशेने पाहिलं. तिथे दोन माणसं तोंडाचा आ वासून उभी होती आणि दोघांच्याही घशातून काही येत नव्हतं. काकांनी मान वळवली. आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर खांबानेही मान वळवली. पडदा टेकला तेव्हा ते दोघे एकमेकांच्या उघड्या तोंडांत बघत होते.

"तू का थांबलास?" खांबाने पडद्याआड विचारलं.

"मी तर मघाशीच थांबलो होतो. तू का थांबलास?"

"मला वाटलं, तू आहेस."

मंडळी कंदील ठेवायला निघून गेली. हे दोघे किनाऱ्याच्या देखाव्यातल्या मोडक्या होडीच्या काठावर बसले आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खांबाला डॉक्टरांनी हिवाळ्यातच दम्याचं सांगितलं होतं. त्याने कुणाला कळू दिलं नाही. अख्खा स्वर आपल्याला झेपत नाही हे कळल्यावर त्याने ठरवलं की सुरुवातीला नुसतं तोंड उघडायचं, कारण सुरुवातीला खर्जकाका असे गरजतात की आणखी कुणाची गरजच नसते, आणि नंतरच्या निम्म्यात हळूच सुरू करायचं. एकदा आपला आवाज लागला की शेजारचा गातो की नाही, ते त्या दणदणाटात कुणाला कळणार? खर्जकाका आहेत या भरवशावर तो निवांत होता. फक्त कोपर लावायची त्याला लाज वाटू लागली होती.

म्हणजे अख्खा हंगाम कंपनी दोन खर्जवाले समजत होती तिथे एकच उभा होता, आणि तोही दोघांत वाटून घेतलेला.  काकांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, खांब त्यांच्या पाठीवर थापटू लागला आणि त्यालाच धाप लागली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय ते काकांना त्या होडीवर बसून समजलं. सोमवार अजून तसाच पुढे उभा होता, पण त्यांना आता एकट्याने चोर असल्यासारखं वाटत नव्हतं.

डोकं वर करून पाहतात तो विंगेत कोरसबाई उभ्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. "उद्या सकाळी," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सोमवारी तालमीच्या खोलीबाहेर दोघे बरोबरच हजर झाले आणि बरोबरच आत शिरले. लाकडी जमीन, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या, झाकण बंद केलेला पियानो. एकेकाने यायचं ठरलंय, याची बाईंनी आठवण करून दिली. काकांनी रात्री अंथरुणात बरंच काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"बाई, एकट्याला ऐकलंत तर मी निम्माच आहे," ते म्हणाले. "हाही निम्माच आहे. दोघांना मिळून ऐका, आणि मग द्यायचा तर भाला द्या."

भाल्याचं काय, हे बाईंना कळेना. रंगपटातली बातमी ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. पण त्या काही एवढ्याने विरघळणाऱ्यातल्या नव्हत्या. आल्यापासून त्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत बसून खर्ज ऐकत होत्या, आणि तो श्वास कुठे घेतो हे त्यांना एकदाही सापडलं नव्हतं. काल मात्र सापडलं. असं भगदाड त्यांना पुन्हा ऐकायचं नव्हतं. पुढच्या हंगामात कुणाला कुठे उभं करायचं हे ठरवण्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं, आणि ज्याच्यावर विसंबता येणार नाही त्याला त्या पुढच्या रांगेत ठेवणार नव्हत्या.

"मी पाठ करून उभी राहते," त्या म्हणाल्या. "मी बास म्हणेपर्यंत थांबायचं नाही. कोण कुठे गेलं आणि कुठे परत आलं हे मला कळलं, तर दोघेही मागे. नाही कळलं, तर दोघेही आहात तिथेच."

त्या खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या.

दोघांनी एकदम सुरुवात केली. काकांचा श्वास संपत आला तशी त्यांनी बऱ्याच महिन्यांनी डावं कोपर हलवलं. खांबाने धरून ठेवलं. काकांनी हवा घेतली, आणि मग ती जागा आली जिची त्यांना हिवाळ्यापासून धास्ती होती. घरात तान्हं मूल झोपलेलं असताना दार लोटावं तसे ते स्वरात शिरले. खोकला घशापर्यंत आला, तिथे थबकला आणि मागे फिरला. ते आत आले न आले तोच डावीकडून कोपर लागलं. आता खांब गेला. काकांनी धरलं. मग पुन्हा कोपर. वाटे लहान होते, पूर्वीच्या निम्मेही नव्हते, पण दर वेळी दुसरा जागेवर होता. बाई काही बास म्हणेनात. कुठलाच पडदा कधी इतका रेंगाळला नव्हता. काकांच्या कपाळावरून घाम ओघळला, पण त्यांना थांबावंसं वाटत नव्हतं. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच आपण गातोय, असं त्यांना वाटत होतं.

"बास," बाई म्हणाल्या. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला नव्हता, पण जरा गोंधळलेला होता. मधे दोन-तीनदा आता कळणार असं वाटलं होतं, त्यांनी कबूल केलं. "नाही कळलं मला. जा, आहात तिथेच राहा. आणि तुम्हा दोघांच्या मधे दिग्दर्शकांनी कुणाला घुसवलं, तर मला येऊन सांगा."

काकांचा जीव भांड्यात पडला. खांबाने बाईंना वाकून नमस्कार केला. खांब वाकला ही बातमी संध्याकाळपर्यंत कंपनीभर झाली.

दोघे तडक कपडेपटात गेले. काकू इस्त्री करत होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहूनच त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला, आणि मग काही झालंच नाही अशा आवाजात, आलाच आहात तर कोट घालून बघा, म्हणाल्या. नावाड्यांचे दोन कोट त्यांनी खुंटीवरून काढून उलटे केले. दोन्हींच्या छातीच्या शिवणी हिवाळ्यानंतर आत घेतलेल्या होत्या. दोऱ्याचा रंगही एकच.

काका शिवणींकडे बघतच राहिले. "म्हणजे याचंही तुला ठाऊक होतं? मला का नाही सांगितलंस?"

"कपडेपटातलं माप बाहेर जात नाही," काकू म्हणाल्या. "नवऱ्याकडेसुद्धा नाही. भार टाकू नका म्हटलं होतं, तेवढंच माझ्या हातात होतं."

"मलाही तेच म्हणाल्या होत्या वहिनी," खांब पुटपुटला. "मी दोन दिवस रागावलो होतो."

काकूंनी दोघांना आरशापुढे शेजारी शेजारी उभं केलं, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि छाती भरून श्वास घ्यायला सांगितलं. खांबाने सवयीने काकांना कोपर लावलं आणि श्वास घेतला. काका तोवर सवयीने धरून उभे राहिले.

"अहो, एकदम घ्या दोघं," काकू म्हणाल्या. "इथे कुठे पडदा पडतोय?"

मग दोघांनी एकदम घेतला. काकांच्या कोटाचं वरचं बटण तटकन उडालं आणि शिलाईयंत्राच्या खाली गेलं.

"आता परत सैल करणं आलं," काकू म्हणाल्या आणि बटण शोधायला खाली वाकल्या. बराच वेळ त्या वर आल्याच नाहीत.