राशीवरचा ठप्पा

मित्रांनो, मी एक जुना शिसवी ठप्पा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. इतकी वर्षं फळीवर पडून राहिलो, तरी माझा राग काही शिळा झालेला नाही.

लश्कर शहरातल्या एका सुताराने मला घडवलं. तळहाताएवढं लाकूड, मागे धरायला मूठ आणि पुढे उलटं कोरलेलं 'श्री'. ओल्या मातीवर दाबलं की अक्षर सुलट उमटे. भुसा फुंकून टाकत सुतार म्हणाला, "आता हा राखण करील." केवढा फुगलो होतो मी तेव्हा!

राखण कशाची, ते ऐका. लश्करमध्येच फूलबागेजवळ राहणाऱ्या मल्हाररावांच्या आजोबांना लढाईतल्या कामगिरीबद्दल दरबाराकडून शेजारच्या मुरार गावापलीकडे जमीन मिळाली होती. आजोबांनी तलवार धरली असेल, नातवाने मात्र कधी नांगराची मूठ धरली नाही. जमीन कसायचा दौलतसिंह. बटाईने, म्हणजे पीक निम्मं मालकाचं आणि निम्मं कसणाऱ्याचं. बैल दौलतसिंहाचे, बियाणं त्याचं, घामही त्याचाच. आणि बोली? तोंडी, एका सालापुरती. पुढच्या साली शेत त्याच्याकडे राहील की नाही, ते मालकाच्या मर्जीवर.

चैत्रात गहू मळून खळ्यावर रास पडे. वाटणी होईपर्यंत कुणी दाणा उचलू नये म्हणून राशीच्या पायथ्याशी ओल्या मातीचे गोळे थापत आणि त्यांच्यावर मला दाबत. छाप मोडलेली दिसली की चोरी झाली, असा त्या घराण्याचा नियम. देवाचं नाव कोरलं म्हणजे मोडायला कुणाचा हात धजणार नाही, ही त्यामागची अक्कल!

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मल्हाररावांचे वडील रास पडली की दुसऱ्या दिवशी घोड्यावरून हजर होत. स्वतःच्या हाताने छाप मोडत आणि दोन्ही घरी धान्य जाई. गावची माणसं मला हात जोडत, तेव्हा मला लाज वाटत नसे. वडील गेल्यावर मल्हारराव मालक झाले. त्यांना खळं आठवायचं ते दाल बाजारात गव्हाचा भाव चढला की.

त्या वर्षी रास पडली, कारभारी कान्होजीने मला दाबलं आणि लश्करला निरोप धाडला. उत्तर आलं, घरात सोयरिकीची बैठक आहे, मग येतो. पुन्हा निरोप गेला. आता मालक शिकारीला निघाले होते. इकडे दौलतसिंहाच्या घरातलं जुनं धान्य संपलं. त्याची बायको गेंदा आपणच कापलेल्या गव्हासमोरून रोज जायची आणि शेजारणीकडे पसाभर पीठ मागायची. त्या गव्हाच्या आणि तिच्या मध्ये कोण होतं? मी! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग एका दुपारी आभाळ काळं होऊन आलं. मी कान्होजीच्या ओसरीत खुंटीला टांगलेला होतो. समोरच खळं. दौलतसिंह धावत आला.

"कान्होजी भैया, छाप तोड़ दो. अनाज भीतर रख लें. तुम्हारे सामने रखेंगे."

"मालिक के आए बिना दाना नहीं हिलेगा," कान्होजी म्हणाला. "मेरी नौकरी खाओगे क्या?"

"और फसल गई तो?"

गेंदा मागे उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "तुम ना छुओ. चोर कहाएँगे तो खेत भी जाएगा."

मग त्या दोघांनी काय केलं माहीत आहे? स्वतःच्या झोपडीचं छप्पर सोडवलं, दोघांनी मिळून उचलून आणलं आणि राशीवर घातलं. त्यात मालकाचा निम्मा वाटाही झाकला गेला. लगेच गारा कोसळल्या. दौलतसिंहाचं घर उघडं पडून भिजलं, रास मात्र वाचली. पण जमिनीवरून पाण्याचा लोट आला आणि पायथ्याचे मातीचे गोळे विरघळून गेले.

दुसऱ्या दिवशी मालक आले! गावच्या देवीचा नवस फेडायला पत्नी विजयाबाई निघाल्या होत्या, म्हणून धमनी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जोडली होती, नाहीतर तेव्हाही आले नसते. मल्हाररावांनी खळ्याला चक्कर मारली आणि ओरडले, "छाप किधर है? किसने तोड़ी?"

"हुजूर, पानी में बह गई. एक दाना नहीं छुआ."

"छाप मोडली की चोरी!" मल्हारराव कान्होजीकडे वळले. "ह्याचा वाटा अर्धा करा. खेत दुसऱ्याला द्या."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या खळ्यावर बोंब ठोकली असती!

विजयाबाई धमनीतून उतरल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्यांनी आधी बोडक्या झोपडीकडे पाहिलं, मग राशीवरच्या छपराकडे.

"अहो, चोर स्वतःचं घर उघडं टाकून तुमचा गहू झाकतो का?"

"तू यात पडू नकोस. घराण्याचा नियम आहे."

मालकांना दाखवायला कान्होजीने मला खुंटीवरून काढून आणलं होतं; बाईंनी त्याच्या हातातून मला घेतलं, चिखलावर घट्ट दाबलं आणि तांब्यातलं पाणी वर ओतलं. 'श्री'चा चिखल झाला.

"हा तुमचा नियम," त्या म्हणाल्या. "याच्या जोरावर माणसाला चोर म्हणायला निघालात."

मल्हाररावांचा चेहरा लालबुंद झाला. "निम्मं-निम्मं करा," एवढंच ते पुटपुटले. माफीचा शब्द निघाला नाही. गारांनी चुरा झालेल्या छपराचा विषय कुणी काढला नाही.

दौलतसिंह हात जोडून पुढे आला. "हुजूर, अगले साल खेत हम ही जोतेंगे न? बस इतना कह दो."

"देखेंगे," मल्हारराव म्हणाले आणि धमनीत जाऊन बसले.

विजयाबाईंनी मला पदराखाली लश्करला आणलं आणि पुन्हा कधी खळ्यावर जाऊ दिलं नाही. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण दौलतसिंहाला पुढच्या नांगरटीआधी शब्द मिळाला की नाही, ते मला कुणीही सांगितलं नाही, आणि तेच मला अजून जाळतं.

मित्रांनो, तुमच्या घरची जमीन कुणी वाट्याने कसत असेल, तर रास पडली की त्याच दिवशी जा. माझ्यासारख्या लाकडावर राखण सोपवून शिकारीला जाऊ नका. आणि त्याने पुढच्या सालाचं विचारलं, तर त्याच्या डोळ्यांकडे बघून हो म्हणा किंवा नाही म्हणा. 'देखेंगे' म्हणू नका.