समोरचा दात

दिवाळीत माझी बहीण रीता मुंबईहून नालवाडीले आली आन् उंबरठ्यातच तिनं सांगून टाकलं, तिच्या पोरीले, मयुरीले, काही चावायचं द्यायचं नाई. नुसती पेज, दूध, कुस्करलेलं केळ. मले आधीच तिचा राग. म्हटलं, "काऊन वं? पोट्टी बिमार हाये का?"

"समोरचा दात हलून राह्यला तिचा. पडला तर मालिकेतून काढतील."

मयुरी साडेतीन वर्षांची असताना साबणाच्या जाहिरातीत हसली होती. ते हसणं लोकाईले आवडलं. मग बिस्किटं, मग मोबाईल, आन् आता ही मालिका. दीड वर्षापासून पोट्टी त्यात पाच वर्षांचीच हाये. इकडं सातवं लागलं, तिकडं वाढदिवसच येत नाई. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या तिच्या. शाळेचं विचारलं का रीता म्हणे, सेटवर मॅडम येते. कायची मॅडम येते! पोट्टीले स्वतःचं नाव धड लिहिता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रीता फराळ घेऊन पुलगावले सासरी गेली. मयुरी माझ्यापाशी राह्यली. मी चकल्या तळून राह्यली होती, आन् ती कढईकडं एकटक पाहत बसलेली. मग हळूच म्हणे, "मावशी, दात पडला तर मी इथंच राहीन का? तुझ्यापाशी? शाळेत जाईन?"

म्हटलं, "राहशीन ना माय."

"मग तू पाड ना."

मी घाबरली नाई, खोटं काऊन बोलू? रागच एवढा होता. शिवायचा दोरा घेतला, दाताले गुंडाळला, "ते पाय, चिमणी!" म्हटलं आन् झटका देला. थोडं रक्त आलं. पोट्टी रडली नाई. दात तिनंच शेजारच्या टिनाच्या छपरावर फेकला, उंदीरमामासाठी. मग मांडी घालून चार चकल्या खाल्ल्या, बाजूच्या दातांनी, कुरुम कुरुम. एवढी खूश मी तिले टीव्हीवरही कधी पाह्यली नव्हती.

संध्याकाळी रीता आली. तिनं पोरीचं तोंड उघडून पाह्यलं. मी म्हटलं, "मीच पाडला. काय करायचं ते कर." मले वाटलं, ती भांडन, शिव्या देईन. पण फोन घेऊन गच्चीवर गेली, अर्ध्या तासानं खाली आली आन् बॅग भरायले लागली. मयुरीनं माझा पदर मुठीत धरला होता. तिची बोटं मीच एक एक करून सोडवली. लेकरू तिचं, माझा काय हक्क?

दहा-बारा दिवसांनी टीव्ही लावला, तं मयुरी हसून राह्यली. समोरचे पुरे दात! मले वाटलं, जुनं असन. पण अंगात नवीन फ्रॉक. राहवलं नाई, फोन लावला. पोट्टीनंच उचलला. जीभ अडखळून राह्यली होती तिची.

"मावशी, मला कवळी बसवली. एकाच दाताची नीट बसेना, म्हणून डॉक्टरकाकांनी बाजूचे तीन पण काढले."

"ते हलत होते का वं?"

"नाही."

पोट्टीच मग हळू आवाजात, आईले ऐकू जाऊ नये असं, म्हणे, "मावशी, आता तू काही करू नको हं."