पायांपर्यंतची तीन मिनिटं

"नातेवाईक बाहेर. आणि बाहेर म्हणजे दारापलीकडे," सीटी स्कॅनच्या बाईंनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. दोन महिन्यांचं आमचं बाळ खांद्यावर घेऊन तो निघाला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला पाठ आहे.

शिरेत औषध गेलं आणि अंगभर ऊन पसरल्यासारखं झालं. काचेपलीकडून बाईंचा आवाज आला, श्वास घे, धरून ठेव. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या; घरात मला फौजदार म्हणतात, असं सुई टोचताना त्यांनीच सांगितलं होतं.

फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. ती पायातून वर आली असणार, म्हणून पायही बघायचे होते. औषध तिथवर उतरायला तीन मिनिटं लागतात. माझे पाय सरळ करायला बाई आत आल्या आणि त्यांनी चादर उचलली. सुजलेल्या पोटरीवर बुटाच्या तळाची नक्षी होती, निळी-पिवळी.

"जिन्यावरून पडली, असं लिहिलंय. जिन्याला बूट असतात का गं पोरी?"

"बाळ त्याच्याकडे आहे," मी म्हणाले.

बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्या गेल्या. काचेपलीकडच्या त्यांच्या खोलीचं, बाहेर तो उभा होता तिकडचं दार त्यांनी उघडलं. बाळाची नोंद राहिलीय, वजन करून देते, असं काहीसं त्या म्हणाल्याचं स्पीकरमधून ऐकू आलं. त्याने बाळ दिलंही. दार लागता लागता मात्र त्याला शंका आली. फटीतून हात घालून त्याने बाईंचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी काचेतून बघत होते, हाताच्या शिरेत सुई तशीच. एका हाताने बाळ छातीशी दाबून बाईंनी त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. हात सुटला. कडी लागली.

मग लाथा सुरू झाल्या. दाराचा प्रत्येक दणका मला स्पीकरमधून ऐकू येत होता. बाईंनी वॉचमनला फोन केला.

"त्याचाच बूट," मी वरच्या माइककडे बघून म्हणाले. "बाळ रडायचं थांबेना म्हणून."

"लिहिते. आता पाय हलवू नकोस. वेळ झाली."

टेबल सरकू लागलं. पाय हलू नयेत म्हणून मी मांड्यांत नखं रोवली. काचेपलीकडे भुवईतून ओघळणारं रक्त बाळाच्या टोपीवर पडू नये म्हणून बाईंनी मान एका बाजूला कलती केली होती, आणि तशाच वाकड्या मानेने त्या स्कॅनच्या पडद्याकडे बघत होत्या.