आवाज बंद ठेवून

बाबांची कारखान्यात रात्रपाळी असायची, म्हणून ते दिवसा झोपायचे. ताई आणि मी ॲनिमेवरचा तो मारामारीचा गेम टीव्हीचा आवाज बंद ठेवून खेळायचो. योद्ध्यांच्या आरोळ्या आम्हीच कुजबुजत ठोकायचो.

आता रात्रपाळी माझ्या वाट्याला आलीये. आज सकाळी अंग नुसतं आंबून गेलं होतं, पण झोपेचं पार खोबरं झालं. बाहेर माझ्या पोरी तोच जुना गेम मोठ्या आवाजात खेळत होत्या. लालकेस्या योद्ध्याची आरोळी मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. अगदीच पुचाट. ताईची कितीतरी दमदार होती.

मी तणतणत बाहेर आलो, तर खुर्चीतून बाबा म्हणाले, "ओरडू नकोस रे. तुमच्या वेळी मी अंथरुणात कान टवकारून पडायचो, तरी कोण जिंकलं ते कधी कळायचं नाही."