गणवेशातला आवाज

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक आई आरशासमोर उभी आहे. दातांत केसांच्या पिना धरल्यात आणि हाताने निळ्या शर्टाचं शेवटचं बटण लावते आहे. दारात तिची नऊ वर्षांची लेक, हात पाठीमागे बांधून, त्या बटणाचीच वाट बघत उभी आहे.

बटण लागलं.

“आई, मोठी बरणी फुटली. माझ्या हातून.”

आईचे डोळे मोठे झाले. पण दातांतल्या पिना काढून ती हळू आवाजात म्हणाली, “पायाला नाही ना लागलं? तुकड्यांना हात लावू नको. संध्याकाळी बोलू.”

लेक खुशीत पळाली. तिला घरात मुंगी म्हणत. लहानखुरी, पण भलती हुशार.

मुंगीची आई बेकरीत कामाला होती. पीठ मळायच्या यंत्राच्या घरघरीत दिवसभर ओरडून बोलायचं, त्यामुळे घरीही तिचा आवाज खाली येतच नसे. गल्लीत तिला ‘भोंगा’ म्हणत आणि ते तिला ठाऊकही होतं. पण बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी आणि कुठे अपघात झाला की ती नागरी मदत पथकात जायची. पगार नाही, काही नाही. पथकाचे नियम मात्र कडक. नखं कापलेली हवीत, कारण धुरातून माणसाला दंडाला धरून आणावं लागतं. केस जाळीत बांधलेले, कारण घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो. छातीवर नावाची पट्टी, म्हणजे तक्रार कुणाची करायची ते लोकांना कळतं. आणि गणवेशात आवाज चढवायचा नाही.

हा शेवटचा नियम आईला सगळ्यात जड गेला. पथकप्रमुख म्हणाले होते, “बाई, आपण ओरडलो की लोकांना वाटतं, हिचीच गाळण उडालीय. मग ते कुणाकडे बघणार?” तेव्हापासून शर्टाचं शेवटचं बटण लागलं की भोंगा बंद. मुंगीने हे बरोबर हेरलं होतं. चुका सांगायच्या त्या बटण लागल्यावरच.

त्याच दुपारी मुंगीच्या शाळेशेजारच्या इमारतीत आग लागली. शाळा लगेच सोडली. मुलं समोरच्या फुटपाथवर उभी होती. इमारतीच्या दाराशी दोरी बांधलेली आणि दोरीपाशी मुंगीची आई. टोपी सरळ, बाह्यांची बटणं लावलेली.

एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले.

“हो बाजूला! बायको वर आहे माझी!”

“काका, बंबवाले वर गेलेत. जिन्यात धूर आहे. तुम्हाला आत सोडलं तर त्यांना दोघांना उचलून आणावं लागेल.”

“मला शिकवतेस? पाव भाजणारी बाई तू! चार बटणं लावली म्हणून फौजदार झालीस काय?”

“आता बघ,” मुंगीची मैत्रीण तिला ढोसत म्हणाली, “आता भोंगा वाजणार!”

मुंगीलाही तेच हवं होतं. तिच्या आईला असं कुणी बोललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. ‘ओरड ना गं,’ ती मनात म्हणाली.

काकांनी आईला जोरात ढकललं. टोपी उडून चिखलात पडली. आई मागे हटली नाही. एका हाताने तिने दोरी धरली, दुसऱ्याने काकांचं मनगट. मुंगीला ऐकू येईना, इतक्या हळू ती बोलत होती. म्हणून मुंगी पुढे सरकली.

“काका, काकू कितव्या मजल्यावर, कुठल्या खोलीत असतात?”

“तिसऱ्या... मागच्या खोलीत. गुडघे गेलेत तिचे. पलंगावरून उठता येत नाही.”

“कानांनी नीट ऐकू येतं?”

“डाव्या कानाने नाही.”

आईने खांद्यावरच्या वायरलेसवर सांगितलं, “तिसरा मजला, मागची खोली. आजी पलंगावर आहेत, चालता येत नाही. उजव्या बाजूने हाक मारा.” मग काकांना म्हणाली, “मी इथेच आहे. माझा हात धरून ठेवा.”

काकांनी धरला. शिव्या देतच धरला.

थोड्या वेळाने काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलं. काजळीने तोंड काळं झालेलं, खोकत होत्या, पण जिवंत होत्या. काका हात सोडून त्यांच्यामागे धावले. वळूनसुद्धा पाहिलं नाही. आईने टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि पुढच्या माणसाला वाट करून दिली.

घरी आल्यावर आई स्टुलावर बसली आणि बाहीचं बटण काढायला लागली. निघेना. मुंगीने तिचा हात मांडीवर घेतला. मनगटावर काकांच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तिने एक बटण काढलं, दुसऱ्या बाहीचंही काढलं.

“आई, तुला राग नाही आला?”

“आला की. फार आला.” आई अजून त्याच हळू आवाजात बोलत होती. “आणि भीती वाटली गं. काकू आल्याच नसत्या तर? काकांना मीच अडवून ठेवलं होतं ना.”

मुंगी उठली. तिने गल्लीकडची खिडकी लावून घेतली, मागचीही लावली, दाराला कडी घातली. परत येऊन आईच्या शर्टाची सगळी बटणं तिने एकेक करून काढली आणि म्हणाली, “आता ओरड.”