पाळीची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची वाटी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका. त्या भोकाच्या जिवावर आमचं दर्रेबीद गाव जगत आलं.

डोंगराच्या पोटातून, भुयारी कालव्याने आमच्याकडे पाणी येतं. पाणी वाटणारा म्हातारा सफरअली मला पाण्याने भरलेल्या कढईत तरंगत सोडायचा. भोकातून पाणी आत शिरायचं. मी भरून बुडाले की तो ओरडायचा, "पाळी संपली!" मग ज्याच्या शेतात पाणी चाललेलं असेल त्याने मुकाट्याने बांध घालायचा. इथे सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली, पण ही हाक कोणी मोडली नाही.

मग गावातल्याच जहाँबख्शने कालव्याच्या वरच्या अंगाला खोल विहीर खणून पंप बसवला. गावाने त्याच्या घरचा पुलाव चापला, त्याला दुवा दिल्या. पुढच्याच वर्षी कालव्याची धार करंगळीएवढी झाली. गौहरची डाळिंबं झाडावरच सुकू लागली. नवऱ्यामागे तिला त्या बागेचाच काय तो आधार होता.

आणि गावाने खापर कोणावर फोडलं? माझ्यावर!

"भोक झिजून मोठं झालंय," सफरअली म्हणाला. "लवकर बुडते मेली. पाणी पुरणार कसं?"

"काका, धार आटलीय ती दिसत नाही?" गौहर म्हणाली. "वर पंप कोणाचा चाललाय?"

"तू गप गं! ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर उलटतेस?"

तांबटाने मला ठोकून ठोकून भोक बारीक केलं. झालं काय? पाळ्या लांबल्या, पाणी तेवढंच राहिलं. गौहरची पाळी शेवटची. ती येईपर्यंत तिची झाडं माना टाकायची. मला संताप संताप व्हायचा, पण वाटीला तोंड कुठे असतं?

एके सकाळी गौहरने मला उचललं, तडक जहाँबख्शचा पंप गाठला आणि त्याच्या भरल्या टाकीत मला सोडलं.

"भाभी, हा काय खेळ मांडलाय?" तो हसला.

"तुझी पाळी चालू आहे. गप्प उभा राहा."

त्या बारीक भोकाने मी किती सावकाश बुडत होते! जन्मात इतकी चिडले नव्हते. शेवटी एकदाची बुडाले.

"पाळी संपली!" गौहर गरजली.

"विहीर माझी आहे," जहाँबख्श म्हणाला. पण आतून त्याची म्हातारी आई काठी आपटत बाहेर आली.

"हाक ऐकू आली नाही का रे मुडद्या? तुझ्या बापाने कधी मोडली नाही. बंद कर ते!"

पंप थांबला.

आता रोज सकाळी गौहर मला त्याच टाकीत सोडते; मी बुडाले की पंप बंद. कालव्याची धार अजून बारीकच आहे, पण वाढतेय. मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून फळीवर मांडा, असलं काही मी सांगणार नाही. पाणी कमी पडलं तर आधी धारेकडे बघा, वाटीकडे नंतर. आणि कोणीतरी माझं भोक पूर्वीएवढं करून द्या. त्या जहाँबख्शला एक थेंबही जास्त द्यायची माझी इच्छा नाही.